मिस्सा रविवारी, मजुरी कधी?



निर्मळच्या बाजूला राहणाऱ्या माझ्या एका ख्रिस्ती मित्राने यंदाच्या उपवासकाळात मला त्यांच्या तरुण मंडळात बोलावलं. विषय होता, ख्रिस्ती श्रद्धा रोजच्या जगण्यात कशी उतरवायची. तू बाहेरचा आहेस, आंबेडकरवादी आहेस, पाच मिनिटं काहीतरी बोल, असं त्याचं म्हणणं. गेलो. माझ्या आधी सहा-सात जण बोलले. कुणी म्हणालं, मोबाईलचा उपवास करू. कुणी म्हणालं, वृद्धाश्रमाला भेट देऊ. आजाऱ्यांची विचारपूस, प्लॅस्टिक नको, घरात रोज एकत्र प्रार्थना. सगळ्या चांगल्या गोष्टी. पोरं मनापासून बोलत होती, त्यात ढोंग नव्हतं. पण तासाभरात एक शब्द कुणाच्याही तोंडून आला नाही. मजुरी. आणि दुसराही आला नाही. जात.

मी त्यावरच बोललो. पाच मिनिटांची पंचवीस झाली आणि नंतर चहाच्या वेळी दोघा-तिघांचे चेहरे उतरलेले दिसले. "तुम्ही सगळीकडे जातच बघता" हे वाक्यही ऐकलं. ते वाक्य आपल्याला नवीन नाही. तिथे जे घाईत बोललो ते इथे नीट मांडतो, कारण हा वाद निर्मळच्या पोरांपुरता नाही. तो आपल्यावरही उलटतो, आणि शेवटी मी तो उलटवणारच आहे.

सुरुवात निर्मळपासूनच करू. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नालासोपारा स्टेशनला उतरून पश्चिमेला समुद्राच्या दिशेने निघालात की इमारती विरळ होत जातात आणि केळी, नारळ, पानवेली, फुलांच्या वाड्या लागतात. निर्मळला मोठं तळं आहे. शंकराचार्यांची समाधी म्हणून ओळखलं जाणारं मंदिर आहे. होली क्रॉस चर्च आहे. कार्तिकात मोठी जत्रा भरते, सगळ्या धर्मांचे लोक येतात आणि जाताना सुकेळी घेऊन जातात. धर्मांची अशी दाटी एका गावात क्वचित दिसते. पण या सगळ्यांच्या आधीचा जो धर्म या मातीत होता त्याची पाटी मात्र निर्मळच्या रस्त्यावर शोधून सापडणार नाही. तो आपला.

सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी उकरून काढला, तोपर्यंत लोक त्या टेकाडाला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्याला त्याच साली मिळाला. आणि नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला भुईगावला. भुईगाव म्हणजे निर्मळचं शेजारी, सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर. साल कोणतं? १९५६. ज्या वर्षी बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा घेतली त्याच वर्षी इथल्या मातीतून अशोक बाहेर आला. मी योगायोगांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही, पण हा योगायोग मला आवडतो.

त्या नवव्या लेखात आहे काय? आपल्या किती कार्यकर्त्यांनी तो वाचलाय? अशोक सांगतो, लोक आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, पोर जन्मल्यावर, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेचे मंगल विधी करतात. असल्या विधींचं फळ थोडं. (इथे तो बायकांच्या विधींना वेगळी नावं ठेवतो, तेवढ्यापुरतं माझं सम्राटाशी पटत नाही. विधी सांगणारे पुरोहित पुरुषच असतात.) मग तो म्हणतो, खरं फळ देणारं मंगल म्हणजे धम्म-मंगल. त्यात काय काय येतं याची यादी देताना त्याने पहिलं नाव कुणाचं घेतलं? गुरूचं नाही, श्रमण-ब्राह्मणांचंही नाही. ती मागून येतात. पहिलं नाव दास आणि नोकर यांचं, त्यांच्याशी नीट वागण्याचं. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी निर्मळच्या शेजारच्या दगडावर हे कोरलं गेलं. धर्म रोजच्या जगण्यात कसा उतरवायचा याचं उत्तर त्या मंडळाच्या खोलीपासून थोड्या अंतरावर जमिनीत पुरलेलं होतं.

आता कुणी म्हणेल, हे बौद्धांचं झालं, ख्रिस्ती माणसाला त्याच्याच ग्रंथातून सांगा. सांगतो. बायबलच्या नव्या करारात याकोबाचं पत्र आहे. लहानसं, पाच अध्यायांचं. त्यात दुसऱ्याच अध्यायात तो विचारतो की तुमच्या सभेत अंगठीवाला श्रीमंत आला तर त्याला चांगली जागा देता आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला पायाशी बसवता, ही कुठली श्रद्धा? कृतीवाचून श्रद्धा मेलेली आहे, हा त्याचा प्रसिद्ध मुद्दा तिथलाच. आणि पाचव्या अध्यायात तो थेट शेतमालकांवर घसरतो. ज्यांनी तुमच्या शेताची कापणी केली त्यांची तुम्ही अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड देवाच्या कानापर्यंत पोचली आहे, असा त्याचा आशय. मार्टिन ल्यूथरला हे पत्र फारसं रुचत नव्हतं. पण वसईचे लोक तर कॅथलिक, त्यांना ती पळवाट नाही. त्यांच्याच पोप लिओ तेराव्यांनी १८९१ साली कामगारांच्या प्रश्नावर 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढून मजुराचं न्याय्य वेतन बुडवणं हे मोठं पाप ठरवलं. २०२५ मध्ये निवडून आलेल्या नव्या पोपने लिओ हेच नाव घेतलं आणि त्यामागे त्या परिपत्रकाची आठवण असल्याचं सांगितलं. म्हणजे ग्रंथ आहे, परंपरा आहे, रोमहून आलेला शिक्का आहे. नाही ती फक्त वाडीतली अंमलबजावणी.

मी हे पुस्तकातून बोलत नाही. माझी आत्या वाडीत कामाला जायची. सोपाऱ्याहून पहाटे निघायची, फुलं खुडायची, गवत काढायची, केळीची पिल्लं वेगळी करायची. मालक कुठल्या गावचे, कुठल्या घराण्याचे हे मी सांगणार नाही, कारण मुद्दा एका घराचा नाही. चहा तिला मिळायचा, दोन वेळा मिळायचा. पण तिचा कप वेगळा. वईच्या एका खुंटावर उपडा घातलेला, कान तुटलेला. ती तो स्वतः विसळायची आणि परत तिथेच ठेवायची. मजुरी शनिवारी. शनिवारी पैसे नसले की सोमवारी. सोमवारी नसले की सणानंतर. एका नाताळात तिला त्या घरातून जुने कपडे मिळाले, मुलांसाठी केक मिळाला, फराळाचं ताट मिळालं. चार आठवड्यांची मजुरी मात्र मिळाली नाही. ती फेब्रुवारीत निम्मी मिळाली आणि उरलेली कधीच नाही. आत्याला लिहिता वाचता येत नव्हतं, पण तिने एक वाक्य म्हटलं होतं ते माझ्या डोक्यातून जात नाही. "देव चांगला आहे रे त्यांचा, हिशेब वाईट आहे."

दान आणि हक्क यातला फरक सांगायला मला अजूनही याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. केक हे दान. द्यायचं की नाही हे देणाऱ्याच्या मनावर, दिलं की त्याचं मन भरून येतं. मजुरी हा हक्क. ती दिल्याने कुणाचं मन भरून येत नाही, कुणी फोटो काढत नाही. म्हणून श्रद्धा कृतीत उतरवायचं ठरलं की माणूस केकपासून सुरुवात करतो. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ साली त्यांनी किमान वेतनाचं विधेयक मांडलं, १९४८ साली कायदा झाला आणि त्यात शेतमजुरीही धरली गेली. म्हणजे आत्याच्या मजुरीचा दर मालकाच्या दयेवर सोडू नये यासाठी बाबासाहेब तिच्या जन्माआधी भांडून गेले होते. वाडीत तो कायदा पोचायला वाट सापडलीच नाही. आज आत्याच्या जागी विक्रमगड, जव्हार, डहाणूकडच्या वारली, कातकरी बायका आहेत. नाका वेगळा, टेम्पो वेगळा, कप कदाचित कागदी. हजेरीची वही मात्र तीच.

दुसरा शब्द, जात. "आमच्या धर्मात जात नाही" हे वाक्य वसईत मी शंभरदा ऐकलंय. धर्मग्रंथात नाही, हे मान्य. समाजात? वसईतले जुने ख्रिस्ती कोण कोण हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सामवेदी, ज्यांना कुपारी म्हणतात, वाडवळ, कोळी, बाकीचे. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी पोर्तुगीज राजवटीत धर्म बदलला, आडनावं डिसोजा, परेरा, लोपीस झाली, पण आपण मूळचे कोण ही आठवण शाबूत राहिली. नुसती शाबूत नाही, अभिमानाची राहिली. ब्राह्मण मुळाचा उल्लेख आजही छाती काढून केला जातो. बोली जपा, लुगडं जपा, गाणी जपा, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. सामवेदी बोली मरू नये असं मलाही वाटतं. पण लग्नाची स्थळं पिढ्यान् पिढ्या आपल्यातच का बघितली गेली? एकाच वेदीसमोर गुडघे टेकणारे दोन गट एकमेकांच्या घरात सोयरीक करायला का कचरायचे? अलीकडे प्रेमविवाहांनी ती भिंत खचते आहे, हे खरं. पण ती पोरापोरींनी खचवली, घरच्यांशी भांडून. आणि आता पुढचा प्रश्न विचारा. अहमदनगर, जालना, सोलापूरकडच्या महार-मांग घरांतून आलेला ख्रिस्ती मुलगा, त्याच प्रभूचं नाव घेणारा, निर्मळच्या वाडीत मागणी घालायला आला तर? त्या मंडळात मी हा प्रश्न विचारला तेव्हा पंख्याचा आवाज ऐकू आला.

हा रोग वसईचा एकट्याचा नाही आणि आजचाही नाही. १६०६ साली रॉबर्ट डी नोबिली मदुराईत आला आणि ब्राह्मणांना ख्रिस्ती करायचं म्हणून स्वतः ब्राह्मण संन्याशासारखा राहू लागला. पुढे वरच्या जातींसाठी वेगळे मिशनरी आणि खालच्यांसाठी वेगळे, अशी वाटणी झाली. जात मोडण्यापेक्षा जातीवर स्वार होणं सोपं वाटलं. १९३८ च्या सुरुवातीला सोलापुरात ख्रिस्ती लोकांसमोर बोलताना बाबासाहेबांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपल्यावर मोठी छाप पाडल्याचं सांगितलं आणि त्याच भाषणात दक्षिणेतल्या चर्चमधल्या जातिभेदावर बोट ठेवलं. पुढे धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवरच्या लेखनात (इंग्रजी समग्र वाङ्मयाचा पाचवा खंड काढून बघा) त्यांनी आणखी खोल घाव घातला. शाळा-दवाखान्यांवर मिशनने पैसा ओतला, पण शिक्षणाचा मोठा फायदा वरच्या जातींच्या हिंदूंनी उचलला. आणि धर्मांतरित अस्पृश्याला काय सांगितलं गेलं? तुझी अधोगती समाजरचनेने झाली असं नव्हे, तर ती माणसाच्या पापामुळे. मग तो रचनेशी लढेल कशाला? तो गुडघे टेकेल. श्रद्धा कृतीत का उतरत नाही याचं याहून नेमकं निदान मी कुठल्या धर्मगुरूकडून ऐकलेलं नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती मी अंग चोरून सांगणार नाही. याच पट्ट्यात, नंदाखालला, फादर फ्रान्सिस दिब्रिटो नावाचा माणूस जन्मला. १९८० च्या दशकाच्या शेवटी वसईची शेतजमीन बांधकामाला मोकळी करायचं सरकारने ठरवलं, बिल्डर आणि त्यांचे गुंड गावात फिरू लागले, विहिरींचं पाणी टँकरने उपसलं जाऊ लागलं. तेव्हा या माणसाने हरित वसई संरक्षण समितीतून लोकांना रस्त्यावर आणलं. प्रार्थना करून घरी जा, असं त्याने सांगितलं नाही. 'सुवार्ता' मासिक अनेक वर्षं चालवलं, 'सुबोध बायबल' लिहिलं. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला ९३ व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं तेव्हा एक ख्रिस्ती धर्मगुरू मराठीचा अध्यक्ष कसा म्हणून धमक्या आल्या. तरी गेला, तब्येत ढासळलेली असताना गेला, आणि झुंडबळींवर, जेएनयूतल्या हिंसेवर बोलला. २०२४ च्या जुलैत ते गेले. अशा माणसाला आपण सलाम करतो.

पण सलाम करून गप्प बसायचं ही आपली रीत नाही. हरित वसई वाचली तेव्हा वाचली कुणाची जमीन? ज्याची होती त्याची. मजुराची नव्हतीच, तर वाचणार काय? त्याच तालुक्यात, त्याच दशकात, १९८२ पासून श्रमजीवी संघटना आदिवासी वेठबिगारांना सोडवत होती. वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ चा, तरी मुंबईपासून पन्नास-साठ किलोमीटरवर माणसं गहाण होती. मालक कोणत्या धर्माचे होते हा माझा मुद्दा नाही. माझा मुद्दा असा की हिरव्या वसईची लढाई आणि मजुराच्या सुटकेची लढाई एकाच तालुक्यात शेजारी शेजारी चालल्या, आणि वाडीवाल्यांच्या मनात त्या दोन एक झाल्या नाहीत. आज त्याच हिरव्या पट्ट्यातली बावखलं बुजवली जाताहेत. कोण बुजवतंय? सगळी काही बाहेरच्या बिल्डरने नाही बुजवली. पिढ्यान् पिढ्या गोडं पाणी राखणारं बावखल बुजवून तिथे बंगला बांधणाराही रविवारी पहिल्या बाकावर असतो.

आणि फादर स्टॅन स्वामी. त्यांचं नाव आपल्याला वेगळं सांगायला नको, भीमा कोरेगावच्या खटल्याने ते आपल्या घरचंच झालंय. रांचीचे जेझुइट. नक्षलवादी ठरवून तुरुंगात कुजणाऱ्या आदिवासी पोरांची प्रकरणं त्यांनी कोर्टात नेली. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांना अटक झाली तेव्हा वय ८३. पार्किन्सनने हात थरथरायचे, पेला धरता यायचा नाही, तर पाणी प्यायला नळीचा कप मागावा लागला आणि त्यासाठी तारखा पडल्या. ५ जुलै २०२१ ला कोठडीतच, मुंबईच्या एका दवाखान्यात, ते गेले. माझ्या आत्याचा तुटक्या कानाचा कप आणि स्टॅन स्वामींचा नळीचा कप हे दोन्ही माझ्या डोक्यात शेजारी ठेवलेले असतात. निर्मळच्या पोरांना मी हेच म्हणालो की तुमच्याकडे स्टॅन स्वामी आहेत, तुम्ही मोबाईलच्या उपवासावर कसे काय थांबता?

इथे एक आक्षेप येतो. येणारच. "संघवाले चर्चवर तुटून पडताहेत, महाराष्ट्रात धर्मांतरबंदीची भाषा चालली आहे, अशा वेळी तुम्हीही ख्रिस्ती समाजावरच बोट ठेवता? मग त्यांच्यात आणि तुमच्यात फरक काय?" फरक सांगतो. ते म्हणतात ख्रिस्ती लोक सेवेच्या नावाखाली धर्म पसरवतात, म्हणून सेवा बंद करा. मी म्हणतो सेवा पुरे नाही, न्याय द्या. त्यांना तलासरी-डहाणूकडची आदिवासी पोरांची मिशन शाळा खुपते. मला ती हवी आहे, आणि तिथून शिकलेली पोरगी वाडीवाल्याच्या घरात सून म्हणून गेलेलीही बघायची आहे. चर्चवर दगड पडला तर आपण मध्ये उभे राहू, त्यात शंका नको.

शिवाय या प्रश्नात आपला एक जुना हिशेब अडकलाय. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाचा तिसरा परिच्छेद. अनुसूचित जात फक्त हिंदूंत. १९५६ साली शिखांना घेतलं, आपल्याला मात्र केंद्रात १९९० पर्यंत झुलवलं. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम अजून दाराबाहेर. मद्रासच्या रस्त्यावर बसणारा सूसाई नावाचा चांभार होता. सरकार चर्मकारांना फुकट टपऱ्या देत होतं. याला नाही, कारण हा ख्रिस्ती. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९८५ साली हरला. कोर्टाचं म्हणणं असं पडलं की धर्म बदलल्यावरही जातीचा जाच तसाच राहतो हे दाखवून द्या. आता गंमत बघा. त्या जाचाविरुद्ध बिशपांची राष्ट्रीय परिषद दर १० ऑगस्टला काळा दिवस पाळते, नोव्हेंबरचा दुसरा रविवार दलित मुक्ती रविवार म्हणून पाळते. २०१६ साली तिने दलित सक्षमीकरणाचं धोरण काढून चर्चमध्ये जातिभेद आहे हे लेखी मान्य केलं. म्हणजे दिल्लीत चर्च म्हणतं, आमच्यात जात आहे, न्याय द्या. आणि आमच्या वसईत वाडीवाला म्हणतो, आमच्यात जात नाहीच, विषय कशाला काढता? दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. दलित ख्रिस्तींना सवलती मिळाव्यात या बाजूचा मी आहे. आपल्यातले काही "आपला वाटा कमी होईल" म्हणून नाक मुरडतात, त्यांनी १९९० च्या आधी हेच वाक्य आपल्याबद्दल कोण म्हणत होतं ते आठवावं. पण त्या मागणीला निर्मळहून, नंदाखालहून, आगाशीहून आवाज आला पाहिजे. ज्यांना त्या सवलतीची गरज नाही त्यांच्याकडून आला तरच त्याला श्रद्धेची कृती म्हणता येईल.

आता आपलं बघू. मी आधीच म्हटलं होतं, हे उलटणार आहे.

बुद्धपौर्णिमेला आपण सोपाऱ्याच्या स्तूपावर जातो, मेणबत्त्या लावतो, त्रिसरण-पंचशील म्हणतो, फोटो टाकतो. अशोकाने ज्याला थोड्या फळाचं म्हटलं त्यापेक्षा हे वेगळं काय आहे? जागेचं नाव बुरुड राजाचा कोट. बुरुड आजही महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत आहेत. आपल्या समितीत एक तरी बुरुड आहे का? मातंग किती? बावीस प्रतिज्ञा घरात फ्रेम करून लावल्यात, आणि पोरीचं स्थळ बघताना पोटजात विचारायची, तीही हळू आवाजात. माझ्या स्वतःच्या घरात हे झालंय, मी तेव्हा गप्प होतो. आपल्यातले काही भाऊ आता बांधकामाची छोटी कंत्राटं घेतात. चांगलं आहे, घ्या. पण तुमच्या साईटवरच्या बिगाऱ्याला, पाट्या वाहणाऱ्या बाईला शनिवारी पूर्ण पैसे मिळतात का? बाईला पुरुषाएवढे मिळतात का? जयंतीला डीजेवाल्याला आगाऊ रक्कम रोख जाते. कामवाल्या बाईची हजेरी "जयंतीनंतर बघू". हे मी ऐकलंय, आपल्याच वस्तीत, निळा झेंडा लावलेल्या घरात. आत्याच्या मालकाने "सणानंतर" म्हटलं होतं.

त्या रात्री मित्राचा फोन आला. मी म्हटलं शिव्या घालायला केला असेल. तो म्हणाला, घरी जेवताना विषय काढला, बाबा चिडले. आम्ही काय कुणाचे पैसे खातो का म्हणाले. मग उठून आतून हजेरीची वही आणली, मला खोटं पाडायला. वहीत एका विक्रमगडच्या बाईचे सतरा दिवस निघाले. गेल्या पावसाळ्यातले. ती नंतर कामाला आलीच नव्हती, म्हणून राहून गेले. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी टेम्पोवाल्याकडून तिच्या पाड्याचा पत्ता काढला.

लग्नाच्या प्रश्नावर त्याच्याकडे अजून उत्तर नाही, हेही त्याने सांगितलं. त्याचं स्वतःचं स्थळ बघणं चालू आहे.

पुढच्या महिन्यात ते मंडळ आपल्या वस्तीत येणार आहे. यावेळी बोलणार ते, ऐकणार आपण. रविवार, संध्याकाळी सहा, विहारात. ते काय विचारणार आहेत ते मी त्यांना विचारलेलं नाही, आणि ज्यांच्याकडे हजेरीच्या वह्या आहेत त्यांनी त्या घेऊन यायच्या आहेत.